बाळसं धरेपर्यंत: हृदयाच्या ऑपरेशननंतर बाळाचं दूध आणि वजन

डिस्चार्जच्या दिवशी आमच्या लेकीचं वजन भरलं ३ किलो ९४० ग्रॅम. ऑपरेशनसाठी आत नेलं तेव्हा ते ४ किलो १०० होतं. वय पाच महिन्यांना आठ दिवस कमी. हृदयातलं भोक बुजवलं होतं, इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला आला होता, डॉक्टर हसून बोलत होते. आणि मी मात्र कळव्याला घरी पोहोचेपर्यंत रिक्षात एकाच गोष्टीचा विचार करत होते: भोक बुजलं, मग वजन कमी कसं झालं?

त्या दिवशी माझी जी अवस्था होती, त्याच अवस्थेत आज घरी आलेल्या आईबापांसाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. बालहृदयरोगतज्ज्ञ, वॉर्डातल्या सिस्टर आणि आहारतज्ज्ञ यांनी जे शिकवलं आणि पुढच्या काही महिन्यांत जे हाताखालून गेलं, तेवढंच इथे आहे. तुमच्या बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर याहून वेगळं काही लिहिलं असेल तर कार्ड खरं माना.

आधी हिशेब समजून घ्या

हृदयात मोठं भोक असलं की फुप्फुसांत गरजेपेक्षा जास्त रक्त जातं. बाळ धापा टाकतं, हृदय जास्त राबतं, आणि दुधातून आलेली ताकद तिथेच संपते. म्हणून अशी बाळं दूध पितात पण ते अंगी लागत नाही. ऑपरेशनने मूळ कारण जातं. पण त्याच दिवसापासून नवा खर्च सुरू होतो: टाके भरायचे, छातीचं हाड जुळायचं, व्हेंटिलेटरवर सैल पडलेले स्नायू पुन्हा कमवायचे. शिवाय ऑपरेशनच्या वेळी अंगात साचलेलं पाणी लघवीच्या औषधाने उतरतं आणि काट्यावर तेही दिसतं. आमचे १६० ग्रॅम बरेचसे पाण्याचेच होते. हे त्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर मी ती रात्र जागून काढली नसती.

आता आकडे बघा. निरोगी तान्ह्या बाळाला दिवसाला किलोमागे साधारण १०० ते ११० कॅलरी पुरतात. हृदयाच्या बाळाला अनेकदा १२० ते १५० लागतात. आईच्या १०० मिली दुधात असतात ६५ ते ७०. म्हणजे ४ किलोच्या बाळाने किलोमागे १५० मिली, एकूण ६०० मिली दूध प्यायलं तरी पोटात जातात ४०० च्या आसपास, आणि गरज असते ४८० ते ६००. त्यात पुष्कळ बाळांना सुरुवातीला पाणी-दूध मोजूनच द्यायला सांगतात, म्हणजे ६०० मिलीची मुभाही नसते. 'बाळ पोटभर पितं, तरी वजन का वाढत नाही' या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच घरांत एवढंच असतं.

साध्या भोकाचं ऑपरेशन नीट झालेली बहुतेक बाळं सहा महिने ते वर्षभरात वजनाची भर काढतात. पहिले दोन-तीन आठवडे काटा हलला नाही तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. ज्यांची ऑपरेशनं टप्प्याटप्प्याने व्हायची आहेत किंवा शंट (फुप्फुसांकडे रक्त नेणारी कृत्रिम नळी) टाकला आहे, त्यांचं गणित वेगळं. त्याबद्दल पुढे येईल.

पहिली पायरी: वॉर्ड सोडण्याआधी

डिस्चार्जच्या सकाळी फार गडबड असते. बिलं, औषधं, रिक्षा की गाडी, आजीचा फोन. त्या गडबडीतही सिस्टरकडून किंवा डॉक्टरांकडून या गोष्टी कागदावर उतरवून घ्या: दिवसभरात एकूण किती मिली, किती वेळा, कोणतं दूध, त्यात काही मिसळायचं असेल तर नक्की किती, आठवड्याला किती ग्रॅम वाढ अपेक्षित आहे, आणि रात्री दोन वाजता काही बिघडलं तर कोणत्या नंबरला फोन करायचा. वजन वाढीचा आकडा सहसा कोणी आपणहून लिहून देत नाही. तो मागा.

आणि एकदा तरी संपूर्ण दूध तुमच्या हाताने, सिस्टर शेजारी उभी असताना पाजा. आमच्या सिस्टरने माझ्या हातातला चमचा बघून म्हटलं होतं, "ताई, तिरका धरा, ओतू नका. तिने ओढायला हवं." ही एक सूचना मला पुढे रोज उपयोगी पडली.

वही घाला

शाळेची शंभरपानी वही पुरे. वेळ, किती मिली, किती मिनिटं लागली, घाम आला का, उलटी झाली का, औषध कधी दिलं. माझ्या वहीतलं नवव्या दिवसाचं पान असं आहे:

पहाटे ४.१० – ४५ मिली, २५ मि., मध्येच झोपली.
७.०० – ६० मिली, २० मि., घाम नाही.
९.३० – ३० मिली, तोंड फिरवलं. थोडी उलटी.
१२.१५ – ५५ मिली, २५ मि.

एका पानावरून काही कळलं नाही. पाच पानं शेजारी ठेवली तेव्हा दिसलं की साडेनऊचं दूध रोज अर्धं राहतंय. कारण त्याच्या आधी लागोपाठ तीन औषधं जात होती आणि त्यातलं एक कडू. डॉक्टरांना वही दाखवली, त्यांनी औषधांच्या वेळा पुढे-मागे करून दिल्या. दोन दिवसांत साडेनऊचं दूध ५० वर आलं. वेळा मनाने बदलू नका, पण वही दाखवल्याशिवाय डॉक्टरांनाही हे समजायला मार्ग नसतो.

एक खबरदारी. पोट भरलं की नाही हे लघवीवरून ओळखायची आपली जुनी सवय आहे, दिवसाला सहा लंगोट ओले म्हणजे सगळं ठीक. लॅसिक्ससारखं लघवीचं औषध चालू असलेल्या बाळाला हे लागू होत नाही. ते बाळ कमी प्यायलं तरी लंगोट ओले करतं. तिथे मिली आणि वजन, दोनच गोष्टी खऱ्या.

पाजायची पद्धत

अशा बाळासाठी दूध ओढणं म्हणजे आपल्यासाठी हातात सामान घेऊन ठाणे स्टेशनचा पूल चढणं. जमतं, पण दम लागतो. म्हणून एका वेळचं दूध २० ते ३० मिनिटांत आटपा. त्याहून जास्त वेळ चाललं तर बाळ मिळवतंय त्यापेक्षा जास्त घालवतंय. मी सुरुवातीला एकेका वेळेला तासभर बसायचे, शेवटचे दहा मिली गेलेच पाहिजेत म्हणून. तिने ते संपवलेही, आणि पुढच्या वेळेला दमून झोपूनच राहिली. थोडं-थोडं, दर अडीच-तीन तासांनी, आणि मध्ये थांबून ढेकर. सुरुवातीला रात्री गजर लावून उठवावं लागतं, कारण थकलेलं बाळ भुकेने रडेलच असं नाही. आमची रडायचीच नाही. 'किती शांत बाळ आहे' असं लोक म्हणायचे आणि माझ्या पोटात गोळा यायचा.

अंगावर पाजता येत असेल तर जरूर पाजा. काही आयांना वाटतं की अंगावर ओढायला जास्त कष्ट पडतात, बाटली सोपी. पण अंगावर पिताना बाळ आपल्या लयीत थांबतं, श्वास घेतं. बाटलीतून दूध आपोआप येत राहतं आणि गिळणं आणि श्वास यांची गल्लत होते. बाळाचं डोकं उंच ठेवा, किंवा आईने कुशीवर झोपून पाजा, किंवा बाळाला काखेखाली घेऊन पाय मागे सोडा, म्हणजे छातीच्या टाक्यांवर दाब येत नाही. किती प्यायलं ते कळायला हवं असेल तर काही वेळा पाजण्याआधी आणि नंतर त्याच काट्यावर, त्याच कपड्यांत वजन करतात. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. मात्र त्यासाठी ५ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागतो.

ओढवत नसेल तर दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या. वाटी-चमचा दर वेळी उकळून घ्या, बोंडलं असेल तर चोचीत ब्रश फिरवून मग उकळा. पण बोंडलं वापरताना आपल्याकडची एक जुनी रीत पूर्ण सोडायची आहे: बाळाला पायांवर आडवं टाकून, नाक-तोंड धरून दूध ओतणं. आपल्या आज्यांनी तशी दहा-दहा मुलं वाढवली हे खरं. पण ऑपरेशन झालेल्या बाळाचं दूध असं श्वासनळीत गेलं तर न्यूमोनिया होतो आणि पुन्हा आयसीयू. बोंडल्याची चोच खालच्या ओठावर टेकवा, दूध ओठाला लागू द्या, बाळ जीभ काढून ओढेल तेवढंच जाऊ द्या.

उचलताना बगलेत हात घालू नका. एक हात मान-डोक्याखाली, दुसरा ढुंगणाखाली. छातीचं मधलं हाड जुळायला साधारण सहा आठवडे लागतात.

काढलेल्या दुधाबद्दल थोडं. ठाण्याच्या एप्रिल-मेमध्ये ओट्यावर ठेवलेलं दूध पटकन खराब होतं. काढलं की झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, तारीख-वेळ लिहून, फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ठेवा. दारात ठेवू नका, दार उघडलं की तिथे ऊब लागते. फ्रिजमध्ये ते चार दिवसांपर्यंत टिकतं असं सांगतात. आम्ही दुसऱ्या दिवसापलीकडे नेलं नाही, कारण आमच्याकडे पावसात लाइट जाते. गरम करताना डबा कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा, गॅसवर नाही.

बाळ आयसीयूत असताना दूध आटलं असेल तर तो तुमचा दोष नाही. दिवसातून सात-आठ वेळा काढत राहिलं आणि बाळ छातीशी घेता यायला लागलं की पुष्कळांचं परत येतं. आईच्या दुधाचं मोल आपल्या भागात फार आधी ओळखलं गेलं आहे. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी, म्हणजे आयांनी दान केलेलं दूध साठवून गरजू बाळांना देणारी पेढी, १९८९ मध्ये मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली. तुमच्या रुग्णालयात अशी सोय आहे का, हे विचारायला लाजू नका.

दुधाची ताकद वाढवणं

हिशेबातली तूट भरून काढायची ती इथे. पोट तेवढंच, दूध तेवढंच, पण प्रत्येक मिलीत जास्त कॅलरी.

सगळ्यात सोपा उपाय आईच्या हातात आहे. दूध काढताना सुरुवातीचं पातळ असतं, शेवटी येतं ते घट्ट, त्यात स्निग्धांश जास्त. पुरेसं दूध येत असेल तर सुरुवातीचं वेगळ्या भांड्यात काढा आणि शेवटचं बाळाला द्या. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला दोन स्टीलच्या वाट्या शेजारी ठेवून दाखवलं होतं: एकीतलं दूध निळसर, दुसरीतलं पिवळट साईसारखं. तासाभराने दुसऱ्या वाटीवर खरोखर साय धरली होती.

पुढची पायरी म्हणजे काढलेल्या दुधात मोजून पावडर किंवा विशिष्ट तेल मिसळून १०० मिलीत ८० च्या आसपास कॅलरी करणं. तसं झालं तर तेच ६०० मिली दूध ४०० ऐवजी ४८० कॅलरी देतं. हे फक्त आहारतज्ज्ञ किंवा डॉक्टर सांगतील त्या मापाने. आपल्या मनाने पावडर वाढवली तर जुलाब होतात, मूत्रपिंडांवर ताण येतो. आणि याच्या उलट चूक मी जास्त पाहिली आहे: वरची पावडर महाग म्हणून एक चमचा कमी घालणं, किंवा 'जड पडेल' म्हणून पाणी वाढवणं. डब्यावर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा लिहिलं असेल तर तेवढंच घ्या, आणि आधी पाणी मोजा, मग पावडर घाला. पातळ दुधाने पोट भरतं, बाळ वाढत नाही.

दुधात घरचं तूप, साखर, बिस्किट, नाचणीचं पाणी घालू नका. सहा महिन्यांच्या आत वरून पाणीही नको.

काटा

आमच्या घराजवळच्या दवाखान्यात आणि ऑपरेशन झालेल्या रुग्णालयात काटे वेगळे. दोन दिवसांच्या अंतराने दोन्हीकडे वजन केलं आणि मधल्या १२० ग्रॅमच्या फरकाने मी स्टेशनसमोर उभी राहून रडले. लेक बरी होती, तिचं वजन कमी झालेलंच नव्हतं.

म्हणून एकच काटा ठरवा. तोच काटा, तीच वेळ, दूध पाजण्याआधी, अंगावर काही नाही किंवा एक कोरडा लंगोट. अंगणवाडीतल्या झोळीच्या टांगत्या काट्यावर १०० ग्रॅमचे भाग असतात. महिन्याची वाढ त्यावर कळते, दोन-तीन दिवसांची नाही. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात किंवा बालरोगतज्ज्ञांकडे डिजिटल काटा असतो, तो वापरा. डॉक्टरांनी रोज सांगितलं नसेल तर आठवड्यातून एकदा पुरे. रोज केलं तर एका शी-शूच्या फरकाने जीव वर-खाली होतो.

ढोबळ अंदाज असा: पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २० ते ३० ग्रॅम, तीन ते सहा महिन्यांत १५ ते २०, पुढे वर्षापर्यंत १० च्या आसपास. मागे पडलेलं बाळ भर काढताना याहून वेगाने वाढतं. आमचं पहिल्या आठवड्यात २० ग्रॅम, दुसऱ्यात शून्य, तिसऱ्यात ११०, चौथ्यात १९०. आकडे माता-बाल संरक्षण कार्डातल्या आलेखावर भरून घ्या. मुलीचा आलेख वेगळा, मुलाचा वेगळा. लांबी आणि डोक्याचा घेरही मोजायला सांगा.

आणि हे नीट लक्षात ठेवा: एक-दोन दिवसांत एकदम १००-१५० ग्रॅम वाढले, पापण्या किंवा पाय सुजल्यासारखे दिसले, श्वास जोरात चालला, तर ते बाळसं नाही, पाणी साचतंय. त्याच दिवशी फोन करा.

दूध तोंडाने जातच नसेल तर

व्हेंटिलेटरची नळी, घशातून कफ ओढणं, तोंडात कडू औषधं, यामुळे काही बाळांच्या मनात तोंडाशी येणाऱ्या प्रत्येक गोष्टीची धास्ती बसते. वाटी जवळ आली की तोंड फिरवतात, उमाळे काढतात. जबरदस्तीने ही धास्ती पक्की होते. स्वच्छ धुतलेलं बोट ओठांवर फिरवा, दुधाचा एक थेंब लावा, चाटलं तर पुन्हा एक. हळूहळू.

काही बाळं नाकातून टाकलेली नळी घेऊन घरी येतात. त्यात कमीपणा काही नाही. बाळाची ताकद वाचवायची ती एक युक्ती आहे. दर वेळी नळीवरची खूण जागेवर आहे का बघा, सिस्टरने शिकवल्याप्रमाणे सिरिंजने पोटातलं थोडं ओढून नळी पोटातच आहे याची खात्री करा, डोकं उंच ठेवा आणि दूध सिरिंज उंच धरून आपोआप उतरू द्या, दट्ट्याने ढकलू नका. शेवटी थोडं पाणी घालून नळी साफ करा, नाहीतर दुधाने ती तुंबते. नळीने दूध जात असताना बाळाच्या तोंडात बोट किंवा रिकामी चोखणी दिली तर चोखणं आणि पोट भरणं यांची जोड त्याला कळत राहते. नळी निघाली तर घरी घालू नका.

आवाज घोगरा झाला असेल, रडणं ऐकूच येत नसेल आणि दूध पिताना ठसका लागत असेल तर लगेच सांगा. हृदयाच्या बाहेरची नळी बांधणं किंवा महाधमनीची दुरुस्ती यांसारख्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्राच्या डाव्या नसेला कधी कधी इजा होते, एका बाजूचा स्वरतंतू हलत नाही, आणि पातळ दूध श्वासनळीत जाऊ शकतं. कान-नाक-घशाचे डॉक्टर दुर्बीण घालून बघतात. बऱ्याच बाळांत काही महिन्यांत सुधारतं. तोवर कसं पाजायचं ते तज्ज्ञच ठरवतील.

आणखी एक प्रकार, कायलोथोरॅक्स. छातीत दुधाळ पाणी साचतं, कारण आतड्यातली चरबी वाहून नेणारी नलिका दुखावलेली असते. अशा बाळाला काही आठवडे साध्या चरबीचं दूध बंद करून वेगळं दूध देतात. तुमच्या कार्डावर हा शब्द असेल तर या लेखातलं तूप, साय, शेवटचं घट्ट दूध, सगळं तुमच्यासाठी नाही. आईने दूध काढून साठवत राहावं, पुढे कामी येतं.

घरातली माणसं

हे मी लांबण लावून लिहिते आहे, कारण माझी अर्धी ताकद इथे गेली.

सासूबाई मायेच्या. त्यांनी सहाण आणि बाळगुटीची पुरचुंडी काढून ठेवली होती. मला नाही म्हणवेना. मग डॉक्टरांनीच त्यांना समोर बसवून सांगितलं: "आजी, गुटीत ज्येष्ठमध असतं ना? त्याने अंगातलं पोटॅशियम कमी होतं. हिचं लघवीचं औषधही तेच करतं. दोन्ही मिळून हृदयाचे ठोके बिघडतील." डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल तर हा धोका आणखी वाढतो. त्या दिवसापासून सासूबाईच कोणी आलं की सांगायच्या, "गुटी बंद आहे आमच्याकडे." कारण नीट सांगितलं की घरातली मोठी माणसं ऐकतात. त्यांना नुसतं 'नको' सांगू नका.

मध वर्षाच्या आत कोणत्याच बाळाला नको, सोन्याच्या अंगठीने चाटवायलाही नको. पायांवर घालून रगडून आंघोळ, मालीश, धुरी, शेक, हे सगळं टाके आणि हाड भरेपर्यंत बंद. आंघोळ घालणाऱ्या मावशींना आम्ही दोन महिने तसेच पैसे दिले आणि त्यांनी तेवढ्या वेळात माझे कपडे धुतले, मला गरम जेवायला वाढलं. पाहुणे पहिला महिना-दीड महिना नकोतच. सर्दी आणणाऱ्या एका पाहुण्यापायी पंधरा दिवसांचं वजन जातं. दृष्ट काढायची तर जरूर काढा, मिरच्यांचा धूर मात्र बाळापासून लांब.

'बाळ सुकलंय गं' असं म्हणणारे भेटतीलच. मी वहीतला आकडा सांगायचे: "चार आठवड्यांत ३२० ग्रॅम वाढली." त्यावर सहसा कोणी पुढे बोलत नसे.

उष्टावण झाल्यावर

सहा महिने पूर्ण झाले आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की वरचं सुरू. डाळीच्या पाण्यावर आणि भाताच्या पेजेवर आपल्याकडे फार भिस्त. पण त्यात पाणीच जास्त. वरणाचं पाणी नको, वरण द्या, घट्ट, मऊ घोटून. खिमटात एक छोटा चमचा तूप घातलं की ४० कॅलरी वाढतात. रताळं, केळं, पुढे अंड्याचा बलक. मीठ-साखर वर्षाच्या आत घालू नका.

एक जुनी आणि खरंच शहाणी गोष्ट आपल्याकडे आहे: मोड आणलेल्या नाचणीचं सत्त्व. साधं नाचणीचं पीठ शिजवलं की फुगतं, म्हणून त्यात पाणी जास्त घालावं लागतं आणि वाटीभर खाऊनही कॅलरी थोड्या. मोड आले की नाचणीत स्टार्च फोडणारं पाचक द्रव्य तयार होतं. ते पीठ घट्ट खिमटात मिसळलं की दोन-तीन मिनिटांत खिमट डोळ्यांदेखत सैल होतं, पाणी न घालता. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून एक-दीड दिवस ठेवायची, मोड आले की वाळवून अगदी हलकी भाजून दळायची. फार भाजली तर ते द्रव्य मरतं. घट्ट खिमट शिजवून उतरवायचं, जरा निवलं की अर्धा चमचा पीठ घालून ढवळायचं, सैल झालं की पुन्हा एक उकळी. ठाण्याच्या पावसाळ्यात मोड लवकर येतात पण वाळत नाहीत, बुरशी धरते. पंख्याखाली पातळ पसरा, कुबट वास आला तर सगळं टाकून द्या. आमचं पहिलं अर्धा किलो असंच गेलं.

वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असलेल्या बाळाला पालेभाज्या देताना प्रमाण आधी विचारून घ्या.

केव्हा वाट बघत थांबायचं नाही

शांत झोपलेलं असतानाही मिनिटाला ६० च्या वर श्वास, छाती आत ओढली जाणं. ओठ-जीभ निळी किंवा अंग राखाडी पडणं. लागोपाठ दोन-तीन वेळा निम्म्याहून कमी दूध. पिताना घामाने डोकं भिजणं, आधी येत नसताना. सतत उलट्या. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप. टाक्यांतून पाणी-पू, लाली, किंवा हाडातून कट्-कट्. बाळ ढिलं, जागं न होणारं.

ऑपरेशननंतर एक ते सहा आठवड्यांत ताप, किरकिर आणि दूध कमी होणं एकत्र आलं तर हृदयाभोवती पाणी साचलेलं असू शकतं. नुसता व्हायरल समजून घरी औषध देऊ नका, इको करावा लागतो.

शंट टाकलेल्या बाळांसाठी स्वतंत्र: दोन जुलाब किंवा दोन उलट्या झाल्या, किंवा दूध निम्म्यावर आलं, तरी वाट बघू नका. अंगातलं पाणी कमी झालं की शंटमध्ये रक्त गोठू शकतं. अशा बाळांच्या घरी रोज वजन आणि सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) लिहायला सांगतात. एका दिवसात ३० ग्रॅम घट किंवा तीन दिवसांत २० ग्रॅमही वाढ नाही, या दोन्ही फोन करण्याच्या खुणा म्हणून वापरतात.

निळं पडलं, श्वास थांबल्यासारखा वाटला तर १०८. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी जवळचं मुलांचं आयसीयू असलेलं रुग्णालय आधीच बघून ठेवावं, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये शोधत बसायची वेळ येऊ नये.

फॉलोअपला जाताना

ठाण्याहून खारघरला ट्रान्स हार्बर लोकलने साधारण पाऊण तास लागतो, त्यात ओपीडीची रांग धरली तर बाळाच्या दुधाच्या किमान तीन वेळा घराबाहेर जातात. काढलेलं दूध बर्फाच्या पिशवीत, दोन वाट्या-चमचे उकळून डब्यात, थर्मासमध्ये गरम पाणी, औषधं आणि वही. खारघरला श्री सत्य साई संजीवनीसारखं मुलांच्या हृदयावर विनामूल्य उपचार करणारं रुग्णालय आहे, त्यामुळे त्या गाडीत हातात इकोची फाइल घेतलेलं कोणी ना कोणी भेटतंच. पैशांची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांबद्दल रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारा. पहिला कार्यक्रम जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि अंगणवाडीतूनही त्याच्याशी जोडून घेता येतं.

डॉक्टरांच्या समोर बसलात की विचारा: वाढलेल्या वजनाप्रमाणे औषधांचे डोस बदलायचे का? दुधाची मर्यादा अजून आहे की उठवली? पावडर मिसळणं कधी थांबवायचं? गोवराची लस केव्हा द्यायची? ऑपरेशनमध्ये रक्त दिलं असेल तर ती लस काही महिने पुढे ढकलतात, बाकीच्या वेळेवर. उत्तरं तिथेच, त्याच वहीत, त्यांच्यासमोर लिहा आणि वाचून दाखवा. आमच्या वहीत तिसऱ्या भेटीच्या पानावर डॉक्टरांच्याच अक्षरात आहे: "५ किलो २१०. रात्री उठवायची गरज नाही."